अठरा अंशांची सावली

महाड आणि पोलादपूर ही गावे अठराव्या अक्षांशाला अगदी लागून वसली आहेत. महाड किंचित उत्तरेस, पोलादपूर किंचित दक्षिणेस. विषुवदिनी माध्यान्हीचा सूर्य येथे माथ्यापासून सुमारे अठरा अंश दक्षिणेकडे झुकलेला असतो. या अठरा अंशांची ज्या किती? अकरावीचा विद्यार्थी गणकयंत्राची कळ दाबून 0.309 असे सांगेल. उत्तर उपयोगी खरे, पण अचूक नव्हे. दशांशचिन्हापुढचे आकडे संपतच नाहीत. अचूक मूल्य भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. 1150) सांगितले आहे. त्रिज्या एक मानली, तर पाचाच्या वर्गमुळातून एक वजा करून चाराने भागावे.

हेच मूल्य अर्धकोनाच्या सूत्रानेही हाती येते. कोनाची कोटिज्या एकातून वजा करा, बाकीची निमपट करा, वर्गमूळ घ्या. अर्ध्या कोनाची ज्या मिळते. छत्तिसावरून अठरा असे निघते. हा नियम सहाव्या शतकातील वराहमिहिरांच्या ‘पंचसिद्धान्तिके’त आहे. तीस अंशांची तीनदा निमपट केली, की पावणेचार अंश येतात. आर्यभटांच्या ज्यासारणीची पायरी नेमकी हीच! त्यांचे पहिले चार फरक 225, 224, 222 व 219, बेरीज 890. त्रिज्या 3438 धरून पंधरा अंशांची ज्या सूत्राने काढा, पूर्णांकात 890 च येईल.

वर्गात हे सूत्र बहुधा निनावी शिकवले जाते, ही खंत आहेच. पण सारा दोष अभ्यासक्रमाच्या माथी मारून आपली सुटका नाही. ‘सारे आपल्याकडे होतेच’ असे बौद्धिकांतून ठणकावणाऱ्या किती जणांना ते फळ्यावर सिद्ध करता येईल? शिवाय अर्ध्या कोनाच्या जीवेचा नियम ग्रीक टॉलेमीलाही ठाऊक होता. पूर्ण जीवेऐवजी अर्धज्या घेऊन गणित सुटसुटीत करणे, हे आपल्या पूर्वसूरींचे कर्तृत्व. तेवढेच सांगावे, पण गणितासह सांगावे.

सप्टेंबरच्या विषुवदिनी कोकणात ढगांचा भरवसा नाही. म्हणून 20-21 मार्चला महाड-पोलादपूरच्या शिक्षकांनी मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी करावी. घड्याळात पाऊण वाजण्याच्या सुमारास सावली सर्वांत आखूड होईल, साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर. काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत दोरी ताणून मोजावी आणि सावलीला त्या लांबीने भागावे. मुलांना भास्कराचार्यांचे उत्तर स्वतःच्या वहीत उतरलेले दिसेल.