भोवरे मोजणारा समाज

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो आणि त्याच मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा. घोडा घ्यायला आलेला आपला माणूस तेथे सर्वांत आधी काय पाहतो? तो जनावराच्या गळ्यावरून हात फिरवून देवमण, म्हणजे तेथला शुभ मानलेला भोवरा, चाचपतो. कपाळावरचे भोवरे मोजतो. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असला, की पंचकल्याण म्हणून त्याचा चेहरा उजळतो. डोळ्याखाली भोवरा दिसला, की आसूढाळ म्हणून तो हात मागे घेतो. मग हलगी वाजते, घोडा दोन पायांवर उभा राहतो, गर्दी वाहवा करते आणि त्या वाहवेवर किंमत चढते. एवढ्या बारकाईच्या तपासणीत त्या घोड्याचा खूर उचलून पाहणारा माणूस क्वचितच आढळतो.

ही रीत आपल्याला वाडवडिलांकडून मिळाली, आणि तिला शास्त्राचे नाव असल्यामुळे आपण तिच्यावर कधी प्रश्न केला नाही. शालिहोत्राच्या, म्हणजे जुन्या अश्ववैद्यकाच्या, परंपरेत घोड्याचा आहार होता, आजार होते, औषधोपचार होते, आणि शुभाशुभ लक्षणेही होती. आपण नेमकी लक्षणे तेवढी उराशी धरली आणि औषधे विसरलो, कारण लक्षणे पाहायला कष्ट पडत नाहीत आणि त्यांत आपल्या स्वार्थाची सोय होते. भोवरा म्हणजे केसांच्या वाढीची दिशा बदललेली जागा. पांढरा पाय म्हणजे कातडीत रंगद्रव्य नसलेला भाग. मालकाचा धंदा बुडणे किंवा घरात मृत्यू होणे याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. तरी आपण तो जोडतो, कारण आपल्या दुर्दैवासाठी आपल्याला नेहमी एक मुका आरोपी हवा असतो. नवी सून आल्यावर वर्षाच्या आत सासरा गेला, तर तिला पांढऱ्या पायाची ठरवणारा समाज हाच. जिला उलट बोलण्याची परवानगी नव्हती तिच्यावर, आणि ज्याला वाचाच नाही त्याच्यावर, आपण एकाच न्यायाने शिक्का मारत आलो. शिक्का बसलेल्या घोड्याचे पुढे काय होते, हे विचारण्याची तसदी आपण घेत नाही. तो पडत्या भावात विकला जातो. वरातीवाल्याकडून टांग्याला, टांग्याकडून ओझ्याला किंवा वीटभट्टीवर. प्रत्येक विक्रीत त्याची किंमत उतरते, आणि बहुधा चंदीही.

मग पाहायचे काय? पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते उघड्या डोळ्यांना दिसते. घोड्याच्या ओठांच्या कडा हळूच मागे सारून पाहाव्यात. तेथे कातडी जाड, पांढुरकी झालेली असेल किंवा जिभेवर जुन्या जखमेचा वळ असेल, तर काटेरी लगामाने त्या तोंडाचे काय केले आहे, ते कळते. ज्या नाचावर आपण पैसे उधळतो, त्याचा एक उगम अनेकदा या जखमेत असतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधाच्या १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी काटेरी लगाम निषिद्ध ठरवला आहे. बाजारात मात्र तो राजरोस मिळतो. खोगिराखालची पाठ आणि तंगाखालची कातडी चाचपावी. कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवून टापांचा आवाज ऐकावा. चारही टापा सारख्या पडल्या पाहिजेत. लंगडणे झाकण्यासाठी वेदनाशामक इंजेक्शन देणारे विक्रेते असतात, म्हणून त्याच दिवशी सौदा करू नये. पाचव्या वर्षापर्यंत पुढचे सगळे कायमचे दात आलेले असतात. वय सांगणाऱ्याच्या शब्दापेक्षा दात पाहणाऱ्या पशुवैद्याचा शब्द खरा मानावा. दोन वर्षांच्या शिंगरावर खोगीर घालणे हा तर उघड अन्याय आहे, कारण घोड्याच्या कण्याची हाडे पाच वर्षे उलटेपर्यंत पुरती पक्की होत नाहीत. आणि ग्लँडर्सची तपासणी झाल्याखेरीज घोडा दारात आणू नये. हा रोग माणसालाही होतो, जिवावर बेततो आणि कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र त्याचे निदान करते.

पण घोडा निर्दोष निघाला, म्हणजे घेणारा पात्र ठरला असे नव्हे. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा-सात किलो सुका चारा आणि पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात, आणि आपल्या तालुक्यात आज नालबंद किती उरले आहेत? घोड्याला ओकता येत नाही; सडका किंवा अवेळी चारा पोटात गेला, तर पोटशूळाने तो तासातासाने मरणाकडे सरकतो, आणि रात्री दोन वाजता येणारा पशुवैद्य जवळ नसेल तर आपण नुसते पाहत राहतो. कळपात राहणारा हा प्राणी आपण बंगल्यामागे एकटा बांधतो आणि तो ठाणावर डोलू लागला, की त्याला खोड म्हणतो. निवडणुकीची मिरवणूक, मुलाचे लग्न, वाढदिवसाचा फोटो एवढ्यासाठी घोडा घेणाऱ्यांनी या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडलेला नसतो. वरातीत डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांच्या धुरात डोळे फिरवणारा घोडा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्यामागून चालणाऱ्यांत तुम्ही होता, मीही होतो, आणि डीजे बंद करा असे कोणी म्हटले नाही.

कायद्यावर विसंबून चालणार नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. एका वेळच्या चंदीला तो पुरणार नाही. पण रूढी मोडते, हेही आपण पाहिले आहे. मुंबईची व्हिक्टोरिया घोडागाडी शहराची शान म्हणून मिरवली जात होती. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. सुनेच्या पायांबद्दल आज भरल्या घरात बोलताना जीभ अडखळते, ती कोणी तरी आधी विरोध केला म्हणून. बाजारात तसाच विरोध करायचा आहे. येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाल, तेव्हा पशुवैद्य बरोबर न्या, भोवऱ्यावर बोट ठेवणाऱ्या दलालाला गप्प करा, आणि चारा, पाणी, नालबंद व त्या घोड्याचे म्हातारपण यांची तरतूद तुमच्याकडे नसेल, तर विसार देऊ नका.