पुलाखालची मगर

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळची शिकवणी आटोपून मी तीन विद्यार्थ्यांसह कमाटीबागेत निघालो होतो. काळ्या घोड्याजवळच्या पुलावर कठड्याला टेकून बरीच माणसे उभी होती. खाली विश्वामित्रीच्या काठावर, गाळात, एक भली थोरली मगर जबडा उघडून उन्हे खात पडली होती. आम्हा बडोदेकरांस याचे फारसे नवल नाही. पण आमच्यातली सर्वांत धाकटी मुलगी म्हणाली, “गुरुजी, ही तर फुकट दिसते. मग आत तिकीट काढून कशाला जायचे?”

“आत वाघ आहे ना,” असे काहीतरी उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. आज विश्वामित्रीच्या पुरावर आणि तिच्या मगरींवर शहरभर जी चर्चा चालते, ती ऐकता हा प्रश्न त्या मुलीचा एकटीचा उरला नाही असे वाटते.

आमचे प्राणिसंग्रहालय नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले आहे. एका काठावरून दुसऱ्या काठावर जाताना मुलांची रीत पाहिली. हरणांपाशी जेमतेम अर्धा मिनिट, वाघापाशी दोन मिनिटे, आणि वाघ झोपलेला असेल तर आरडाओरड. मोठी माणसेही यात मागे नव्हती. पाणघोड्याचा तर आपण विनोदच करून टाकला आहे. पण मार्च २०२३ मध्ये याच बागेतील पाणघोड्याने संग्रहालयाच्या एका अधिकाऱ्यास व एका पहारेकऱ्यास गंभीर जखमी केले, हे विसरून चालणार नाही. गवत खाणारे ते धूड माणसाळलेले नसते. ते फक्त कुंपणाच्या आत असते.

मुलांना मी एक अट घातली. एकाच पिंजऱ्यापुढे पंधरा मिनिटे गप्प उभे राहायचे. पाच मिनिटे चुळबुळ झाली. मग पक्ष्यांपैकी कोण कोणाला हुसकावतो, कोण पाण्याशी आधी येतो, हे त्यांचे त्यांनाच दिसू लागले. ऐकणे शिकवावे लागते हे माझ्या धंद्यात रोजचेच आहे. पाहणेही शिकवावेच लागते.

आपल्या शहरापुरते बोलायचे तर हे पाहणे फार जुने नाही. खंडेराव महाराजांच्या काळी बडोद्यात हत्तींच्या झुंजी व साठमाऱ्या होत. लुई रुसले या फ्रेंच प्रवाशाने १८६० च्या दशकात त्या पाहून त्यांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. त्या आगडात जनावर हा खेळाचा ऐवज होता. १८७५ मध्ये सयाजीराव महाराज गादीवर आले, आणि १८७९ मध्ये ही बाग व तिच्यातील प्राणिसंग्रहालय उभे राहिले. पुढे याच बागेत वस्तुसंग्रहालयाची इमारत झाली आणि १९०६ मध्ये राज्यात शिक्षण सक्तीचे झाले. या गोष्टी एकाच माळेतल्या आहेत. झुंज पाहणारी रयत प्राणी पाहू लागली, हे पहिले पाऊल होते. तथापि ते पहिलेच होते, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

केवळ बाळगल्याने जनावर राखले जात नाही, याचा दाखला चित्त्याने दिला आहे. अकबराच्या पदरी एक हजार चित्ते होते असे सांगतात. परंतु कोंडलेल्या चित्त्यांना पिल्ले झाल्याची नोंद जहांगिराने एकदाच केली आहे. बडोदे, कोल्हापूर यांसारख्या संस्थानांतही शिकारीसाठी चित्ते असत. त्यांना खाणे होते, नोकर होते, मानही होता. पण दर पिढीला नवे चित्ते रानातूनच पकडून आणावे लागत. रान आटत गेले, आणि १९५२ मध्ये चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते चंबळच्या मुलखातील कूनोत आणावे लागले, ते या जुन्या हौसेचे फेडणे होय.

याच्या उलट उदाहरण जुनागढचे. तेथील सक्करबाग १८६३ ची, म्हणजे आपल्या बागेहून जुनी. तेथे सिंहांची पैदास होते, आणि गिधाडांच्या पैदाशीचे कामही झाले आहे. पण सिंह तगला तो मुख्यतः नबाबांनी त्यास अभय दिले आणि गीरचे रान राहिले म्हणून. मे २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले. संग्रहालय हे रानाच्या जोडीला असते तेव्हाच उपयोगी पडते. रानाच्या बदल्यात ते चालत नाही.

कायद्यानेही आता हीच दिशा धरली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ मध्ये प्राणिसंग्रहालयांविषयी कलमे आली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हापासून परवानगीवाचून कोणास संग्रहालय चालवता येत नाही. म्हणून, लहान शहराच्या लहान संग्रहालयाने नेमके करावे काय, हा प्रश्न उरतो. मोठ्यांची नक्कल करून चार परदेशी जनावरे आणावीत, की आपल्या अंगणातले एखादे नीट सांभाळावे?

आपल्या अंगणात मगर आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ती अक्षरशः अंगणात आली, आणि तीन दिवसांत वस्त्यांतून चोवीस मगरी पकडाव्या लागल्या. त्यानंतर नदीचे पात्र रुंद व खोल करण्याचे काम २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी हाती घेतले गेले. त्याआधी झालेल्या गणनेत नदीत चारशेहून अधिक मगरी आढळल्या. पूर आवरणे आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. ज्यांची घरे बुडाली त्यांना मगरीचे कौतुक ऐकवणे निष्ठुरपणाचे होईल. नदीकाठच्या झोपडीत राहणारी बाई पाण्याला जाते तेव्हा तिच्या जिवाला असलेला धोका आपण पुलावरून पाहणाऱ्यांनी हलका लेखू नये.

परंतु मगर काठाच्या मातीत बीळ खोदून राहते आणि तेथेच खड्डा करून अंडी घालते. उन्हाळा हा तिच्या अंड्यांचा काळ, आणि पिल्ले पावसाळ्याच्या तोंडावर निघतात. नेमका तोच काळ यंत्रांना काठ उकरण्यास सोयीचा असतो. काठ सिमेंटचा झाला तर मगर मरून जाईल असे नव्हे. ती दुसरा काठ शोधील, आणि तो काठ कोणाच्या तरी परसातला असेल. मग तिला राखणे आणि माणसाला राखणे ही दोन वेगळी कामे राहत नाहीत.

येथे संग्रहालयाला काम आहे. मगर केव्हा अंडी घालते, कोणत्या महिन्यांत पाण्याशी जाऊ नये, पुरानंतर अंगणात मगर दिसल्यास काय करावे, हे शहरातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असावे. ते शिकवण्यास नदीकाठच्या या बागेहून योग्य जागा दुसरी नाही. विद्यार्थ्याला आम्ही दहा राग अर्धवट देत नाही, एक पक्का करवून घेतो. संग्रहालयानेही मगरीचा विषय पक्का करावा. पाणघोडे पाहण्याची मुलांची हौस राहीलच. तिला कोणी आडकाठी करू नये.

परतताना पुलावर आलो तेव्हा मगर पाण्यात उतरली होती. आता त्या मुलीला उत्तर देता आले असते. आत तिकीट काढून जायचे ते बाहेरची मगर ओळखता यावी म्हणून. पण पाहणारी माणसे पांगली होती, आणि तिन्ही मुले मात्र कठड्याला टेकून, काही न बोलता, पाण्यावरच्या दोन डोळ्यांकडे पाहत होती. मीही थांबलो.