उत्तनच्या मावशीला बायबल दाखवून काय मिळणार?

नयानगरमधल्या एका बैठकीत अलीकडे एक तरुण वक्ता मोठ्या आवेशात बोलत होता. बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत हे पाद्र्यांच्या सभांनी ठरवलं, कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत तर प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ६६, म्हणजे या धर्माचा पायाच कच्चा, असं त्याचं म्हणणं. समोरची पोरं खूष होती. त्यातली काही हे मुद्दे मोबाइलवर भरून भाईंदर-उत्तनच्या ख्रिस्ती मित्रांना गाठणार, हे उघड होतं.

त्याच्या माहितीत फारशी चूक नाही. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची यादी इ.स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांच्या एका पत्रात सापडते, आणि कॅथलिकांनी ७३ पुस्तकांवर शेवटचं शिक्कामोर्तब १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत केलं. पण यातलं काही कॅथलिक माणूस लपवत नाही. तो म्हणतो, अहो, हेच तर आम्ही सांगतोय! आधी ख्रिस्तसभा, मग पुस्तक. हजरत ईसांनी कुणाच्या हाती छापील ग्रंथ दिला नाही. त्यांनी पीटर आणि इतर शिष्यांना अधिकार दिला, शिष्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर हात ठेवून तो सोपवला आणि तीच साखळी आजच्या बिशपपर्यंत आली, असा त्यांचा दावा आहे. या साखळीनं कोणतं पुस्तक पवित्र ते ठरवलं. तेव्हा "पुस्तक तुमच्या सभेनं ठरवलं" हा आरोप त्यांच्या लेखी आरोपच नाही.

हे पटत नसेल तर आपल्याच भागाकडे बघा. उत्तन, डोंगरी, भाईंदरच्या कोळ्यांचे आणि शेतकऱ्यांचे पूर्वज पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. (गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं १५३४ च्या तहानं वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना देऊन टाकली, हेही आपल्या वक्त्यांनी कधीतरी सांगावं.) फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. तेही बायबल नव्हे, ओव्यांमधलं पुराण. मराठीतला पहिला छापील नवा करार १८११ चा, आणि तो काढला श्रीरामपूरच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी. कॅथलिकांची मिस्सा तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, लॅटिनमध्ये चालायची. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' अगदी आपल्या डोळ्यांसमोरचं. म्हणजे साडेतीनशे-चारशे वर्षं इथल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत आपल्या भाषेतलं बायबल नव्हतं, तरी धर्म टिकला. तो कशावर टिकला? वेदीवर उभ्या असलेल्या धर्मगुरूवर, आणि त्याला तिथे पाठवणाऱ्या बिशपवर.

म्हणून उत्तनच्या मासळीवाल्या मावशीला तुम्ही बायबलमधल्या दोन वचनांतला विरोध दाखवलात तर ती म्हणेल, "ते फादरला विचार, बाबा." आपला पोरगा हसतो, बघा, हिला आपला धर्म माहीत नाही. पण तिच्या धर्माप्रमाणे ते उत्तर अगदी बरोबर आहे. आणि तुला कुणी तलाकचा किंवा विम्याचा मसला विचारला की तू काय सांगतोस, राजा? "मौलानांना विचारून सांगतो."

ही चूक मुळात आली कुठून? १८५४ साली आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा गाजलेला मुनाझरा झाला. बायबलच्या पाठांत फरक आहेत हे मौलानांनी फांडरकडून कबूल करून घेतलं. वार वर्मी लागला, कारण फांडर प्रोटेस्टंट होता. 'केवळ ग्रंथ' हा त्याचा पाया होता, तेव्हा ग्रंथ हलला की सगळं हललं. अहमद दीदातांच्या समोर बसलेला जिमी स्वॅगार्टही त्याच जातकुळीचा. ती हत्यारं त्या लढाईसाठी घडवलेली होती. तीच उचलून उत्तनला जाणं म्हणजे तलाठ्याच्या तक्रारीचा अर्ज पोस्टमास्तरला देणं.

'केवळ ग्रंथ' मानणारे मराठी ख्रिस्तीही आहेतच, आणि त्यांत पंडिता रमाबाईंइतकं प्रामाणिक माणूस मिळणं कठीण. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण चर्च सांगेल ते मुकाट मानायला त्यांनी साफ नकार दिला. भटजींचं जू झुगारून आलेली बाई बिशपचं जू का घेईल? केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं आणि १९२२ साली, ते काम हातावेगळं होता होता, त्या गेल्या. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण बिशपला दूर सारल्यावर कोणत्या ग्रीक शब्दाला कोणता मराठी शब्द, हे अखेर ठरवलं कुणी? रमाबाईंनीच. अधिकार माणसाच्या हातून सुटला नाही, फक्त माणूस बदलला.

म्हणून कॅथलिक उत्तर मला प्रोटेस्टंट उत्तरापेक्षा जास्त सरळ वाटतं. पटत मात्र नाही. त्याचं कारणही याच साष्टीत आहे, त्यासाठी रोमला जायला नको.

पोर्तुगीजांच्या मुलखात बिशप कोण व्हावा हे सुचवण्याचा हक्क पोपनं पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्याला म्हणत पाद्रुआदो. पुढे १६२२ साली रोमनं धर्मप्रसारासाठी प्रोपागांडा नावाचं स्वतःचं खातं काढलं आणि आपले बिशप पाठवायला सुरुवात केली. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर कंपनीला पोर्तुगीजांशी इमान राखणारे पाद्री डोळ्यांत खुपू लागले. १७२० साली तिनं फ्रान्सिस्कनांना बाहेर काढून रोमचे कार्मेलाइट आणले. १७८९ साली तीच चर्चेस गोव्याच्या आर्चबिशपकडे परत दिली. १७९१ साली पुन्हा उलट. आणि १७९४ साली सरळ वाटणी, काही चर्चेस याची, काही त्याची. हे ठरवणारे कोण? कॅथलिकही नसलेले इंग्रज व्यापारी.

१८३८ साली पोपनं पाद्रुआदोचे हक्क छाटायचा हुकूम काढला तेव्हा गोव्याच्या बाजूनं तो मानला नाही, आणि रोमची बाजू त्यांना फुटीर म्हणू लागली. भांडण इतकं पेटलं की १८५३ साली रोमचे बिशप हार्टमन यांनी आपल्या माणसांसह माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेतलं. बाहेर गोव्याच्या बाजूच्या लोकांचा वेढा. सुमारे पंधरा दिवस! शेवटी सरकारी अधिकारी मध्ये पडले आणि चर्च गोव्याच्या बाजूकडे गेलं. तेच हे माहीमचं चर्च, जिथे दर बुधवारी नोव्हेनाला आपल्यातलेही काही जण मेणबत्ती लावून येतात.

१८८६ च्या करारानं साष्टी दमणच्या बिशपकडे गेली, तो पाद्रुआदोचा. मुंबईतला हा दुहेरी कारभार संपला १९२८ साली. आज खाडीच्या अलीकडे मुंबईचा आर्चबिशप आणि पलीकडे, १९९८ पासून, वसईचा बिशप, आणि कुणाचं भांडण नाही.

कॅथलिक मित्र म्हणतात, तो कारभाराचा वाद होता, श्रद्धेचा नव्हे. हे मी मान्य करत नाही. पापाची कबुली ऐकून क्षमा देण्यासाठी धर्मगुरूला रीतसर अधिकार असावा लागतो, हा त्यांचाच नियम. मग खरा बिशप कोण हेच ठरत नसेल, तर ज्या कोळ्यानं 'चुकीच्या' फादरपुढे कबुली दिली, त्याचं काय? आखिरतचा हिशेब कंपनीच्या कचेरीतल्या हुकुमावर लटकला होता की नाही? साखळी ईसांपर्यंत जाते असं म्हणता, तर तिची एक कडी लिस्बनच्या राजानं आणि दुसरी मुंबईच्या गव्हर्नरनं कशी जोडली? वाद घालायचाच तर हा घाला. पण त्यासाठी इतिहास वाचावा लागेल, आणि पोपचा प्रत्येक शब्द खुदाई मानतात असल्या थापा सोडाव्या लागतील. १८७० च्या नियमाप्रमाणे पोप एका विशिष्ट पद्धतीनं जाहीर करतो तेवढंच अचूक. तसं त्यानंतर उघडपणे घडलं ते एकदा, १९५० साली, मरियमच्या स्वर्गारोहणाबद्दल.

आणि जाताना स्वतःची उत्तरंही खिशात ठेवा. आमच्याकडे पोप नाही, मधला कुणी नाही, हे आपण छाती फुगवून सांगतो. मग १८६६ साली मुंबईच्या हायकोर्टात खोजा जमात कोण, सुन्नी की आगाखानांची इस्माइली, हे ठरवायला न्यायमूर्ती अर्नोल्ड का बसले होते? तोही ख्रिस्तीच. १९७३ साली स्थापन झालेल्या पर्सनल लॉ बोर्डानं आपल्या वतीनं बोलावं, असं मीरा रोडच्या कोणत्या मुसलमानानं मत देऊन सांगितलं होतं? कुरआन महफूज आहे, हा माझा ईमान आहे. पण त्याचा अर्थ कोण सांगणार यावर नयानगरच्याच दोन मशिदींत एकमत आहे का, ते एका जुम्याला दोन्हीकडचे खुतबे ऐकून बघा.

उत्तनला जायचंच असेल तर हार्टमनबद्दल विचारा. मात्र समोरच्यानं अर्नोल्डचं नाव काढलं तर मोबाइल खाली ठेवून बोलायची तयारी असू द्या.