शोकाची लय कोणी ठरवायची?

चायकोव्हस्कींच्या सहाव्या सिंफनीचा अखेरचा भाग येव्हगेनी म्राविन्स्की आणि लेनिनग्राड फिलहार्मोनिक सुमारे 10 मिनिटांत पूर्ण करतात. ते ध्वनिमुद्रण 1960चे. लेनर्ड बर्नस्टाइन यांनी 1986 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून तीच पाने वाजवून घेतली, तेव्हा 17 मिनिटे लागली. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या आमच्या मित्रमंडळींत या दोन रेकॉर्डचा विषय निघाला की एकीला ‘संयत’ आणि दुसरीला ‘उत्कट’ म्हणून सगळे मोकळे होतात. ‘संयत’ म्हणताना मनात मात्र ‘कोरडे’ असते. मला हे अजिबात मान्य नाही.

मी एका हौशी वाद्यवृंदात सेकंड व्हायोलिन वाजवते. त्यामुळे या भागाची सुरुवात मला वाजवणाऱ्याच्या बाजूने माहीत आहे. खाली खाली उतरत जाणारी ती प्रसिद्ध धून खरे तर कोणाच्याच पानावर सलग लिहिलेली नाही. तिचा एक स्वर फर्स्ट व्हायोलिनकडे असतो, तर पुढचा आमच्याकडे. घरी एकटीने माझा भाग वाजवला तर नुसत्या वेड्यावाकड्या उड्या ऐकू येतात. दोन्ही गट एकत्र वाजले की मगच धून कानाला लागते. पुढे ती परत येते तेव्हा मात्र फर्स्ट व्हायोलिनना सबंध दिलेली आहे.

म्राविन्स्की हे दोन गट मंचाच्या डाव्या-उजव्या टोकांना समोरासमोर बसवत. लय पुढे सरकती असल्यामुळे धून दोन्हीकडून ओढली जाते, तरी तुटत नाही. ती ओढ हाच इथला शोक आहे आणि चायकोव्हस्कींनी तो लिहूनच ठेवला आहे. बर्नस्टाइन प्रत्येक स्वरावर इतका भार टाकतात की मला स्वर ऐकू येतात, ओळ ऐकू येत नाही.

लयीचेही तसेच. स्वरलिपीत आरंभाला मिनिटाला 54 ठोके सांगितले आहेत, मधल्या डी मेजरच्या भागाला 69. तिथे हॉर्न धडधडत्या त्रिकांची साथ धरतात आणि तीच धडधड अगदी शेवटी डबल बेसमध्ये उतरते. म्राविन्स्कींकडे हा धागा ऐकू येतो, कारण मधला भाग खरोखर चालू लागतो आणि म्हणून शेवटचे थांबणे जाणवते. सुरुवातीपासूनच सगळे अतिविलंबित असेल, तर थांबायला उरते काय?

इतकी संथ लय घेण्याचा मोह का होतो, हे कळते. 28 ऑक्टोबर 1893 रोजी सेंट पीटर्सबर्गला चायकोव्हस्कींनी स्वतः या सिंफनीचा पहिला प्रयोग केला आणि नऊ दिवसांनी ते गेले. तेव्हापासून लोक या संगीतात मृत्युपत्र वाचतात. पण लिहिताना ते या कृतीवर विलक्षण खूश होते, तिला आपले सर्वोत्तम काम मानत होते. पुढच्या आठवड्यात काय घडणार, याचे ओझे त्या पानांवर नंतर आपण टाकले आहे.

बर्नस्टाइन यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्या तंतुवाद्यांचा भरघोस नाद दुसरीकडे क्वचितच मिळतो. आणि कंडक्टरने भावना आवरावी, असेही माझे म्हणणे नाही. म्राविन्स्कींचा तिसरा भाग ऐका. ते कूच अंगावर येते, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन अक्षरशः कापत जातात. या माणसाला थंड म्हणणाऱ्यांनी घड्याळ ऐकले, वाद्यवृंद ऐकला नाही. तोवर वीसहून अधिक वर्षे एकाच वाद्यवृंदाबरोबर काम करून त्यांनी ही धार कमावली होती. प्रश्न एवढाच, की उष्णता स्वरांच्या रचनेतून येते आहे की बाहेरून ओतली जाते आहे. पहिल्या प्रकारात दुःख माझ्यापर्यंत पोहोचते. दुसऱ्यात ते कोणाला तरी होताना मी पाहत राहते.

म्हणून ही सिंफनी कोणी पहिल्यांदाच ऐकणार असेल, तर मी 1960ची रेकॉर्ड हातात देते आणि हेडफोनवर ऐकायला सांगते, म्हणजे दोन व्हायोलिन गट दोन कानांत वेगळे कळतात. बर्नस्टाइन जरूर ऐकावेत, पण सगळी सिंफनी तोंडपाठ झाल्यावर.