करवतीचे दात

कवी 'अज्ञातवासी' म्हणजेच दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते जमवून पुण्यात संग्रहालय उभे केले. साध्या वस्तूंना इतिहासात स्थान मिळाले, हे ऋण मोठेच. परंतु अवजार जपावे तसे चालतेही ठेवावे, असे आम्हांस वाटते. बुलढाण्याकडील सुताराची जुनी करवत पाहा. तिचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे चीर पात्याहून रुंद पडते, पाते लाकडात अडकत नाही. आजच्या साखळी-करवतीचे दातही असेच आळीपाळीने डावे-उजवे असतात. ही युक्ती काचेआडून उमगत नाही; हाती कानस घेतल्यावर उमगते. दुरुस्ती थांबली की त्या कामाची भाषा केवळ कोशात उरते. म्हणून भाषेच्या विद्यार्थ्याने अवजारे जमवण्याआधी ती दुरुस्त करणाऱ्याजवळ बसावे.