आठवीचे विषय निवडण्याआधीची तपासणी

सातवीचा निकाल लागला की शाळेकडून एक साधा कागद घरी येतो. पुढच्या वर्षी तिसरी भाषा कोणती: संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत की हिंदी-संस्कृत संयुक्त? गणित आणि विज्ञान मराठीतून की सेमी-इंग्रजीतून? खाली पालकांची सही आणि कागद परत करण्याची तारीख. या चार चौकोनांवर घराघरांत जी चर्चा होते ती बहुतेक गुणांची असते. संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात, शेजारच्या ताईने तेच घेतले होते, सेमी घेतले नाही तर अकरावी जड जाईल. ज्याने शिकायचे त्याला शेवटी विचारले जाते आणि तोवर त्यालाही घरचे उत्तर कळलेले असते.

बहुतेक मुलांचे या निवडीने फारसे अडत नाही. संस्कृतऐवजी हिंदी घेतली म्हणून कोणाचे आयुष्य वाया गेल्याचे ऐकिवात नाही. पण प्रत्येक वर्गात काही मुले अशी असतात, की त्यांच्यासाठी हा कागद म्हणजे निदान न करता लिहिलेली औषधाची चिठ्ठी असते.

असे मूल ओळखू येते. बोलायला चुणचुणीत, कालच्या सामन्याचे षटकानुषटक वर्णन करणारे, घरातला बिघडलेला पंखा उघडून बसणारे. पण धडा मोठ्याने वाचायला सांगितला की जोडाक्षराशी अडखळते, ओळ सोडते, पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने म्हणते. फळ्यावरचे निम्मेच उतरवून होते. तोंडी विचारले तर उत्तर बरोबर, उत्तरपत्रिका मात्र कोरी. प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षे एकच शेरा: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. यातली कित्येक मुले बाह्यरुग्ण विभागात येतात ती अभ्यासाची तक्रार घेऊन नव्हे, तर पोटदुखी घेऊन. सोमवार ते शनिवार सकाळी दुखणारे आणि रविवारी न दुखणारे पोट. जंताचे औषध होते, सोनोग्राफी होते, सगळे नॉर्मल येते. मराठी वाचनाचा तास कोणत्या वाराला असतो, हे कोणी विचारत नाही.

वैद्यकशास्त्र याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणते. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात असेल तर डिसग्राफिया, आकडेमोडीत असेल तर डिसकॅल्क्युलिया. अनेकदा दोन किंवा तिन्ही एकत्र. जगभरच्या निरनिराळ्या भाषांमध्ये शाळकरी मुलांत याचे प्रमाण ५ ते १५ टक्के मानले जाते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन ते नऊ. या मुलांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते, हेच पालकांच्या गळी उतरत नाही. २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ आला तेव्हा हा शब्द घरोघर पोहोचला. तो पडद्यावरच्या मुलाचा आजार म्हणून पोहोचला, आपल्या मुलाचा म्हणून नाही.

बोलणे मुलाला आपोआप येते, वाचणे शिकवावे लागते. माणसाने लिहायला सुरुवात केली त्याला जेमतेम पाच हजार वर्षे झाली असतील. वाचनासाठी मेंदूत उपजत असे केंद्र नाही. पाहण्याचे आणि ध्वनी ओळखण्याचे भाग एकमेकांना जोडून प्रत्येक मेंदूला ही वाट नव्याने पाडावी लागते. शब्दाचे ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जुळवण्याचे काम ज्यांच्या मेंदूला कष्टाचे जाते, त्यांची ही वाट कच्ची राहते. हे बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. तपासणीच्या वेळी मागच्या खुर्चीवर बसलेले वडील हळूच सांगतात, माझेही असेच होते, म्हणून तर आठवीत शाळा सोडली. लाडाने बिघडला, मोबाइलने बिघडला, आईची नोकरी नडली, यापैकी काहीही त्याचे कारण नसते. हा डोळ्यांचाही आजार नाही. रंगीत काचांचे चष्मे आणि बुबुळांचे व्यायाम विकणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे.

मराठी जशी बोलली जाते तशी लिहिली जाते, म्हणून हा त्रास इंग्रजीचाच, असा एक समज शिक्षकांतही आहे. तो अर्धाच खरा आहे. देवनागरीत अक्षराचा उच्चार सहसा बदलत नाही, ही मोठी सोय आहे. पण अक्षरांच्या आकृत्या किती! बाराखडी, त्यावर जोडाक्षरे. ‘कि’मधली ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. एकटा ‘र’ घ्या: ‘अर्क’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी. त्यामुळे मराठीत हे मूल फार चुकीचे वाचत नाही, फार हळू वाचते. चूक दिसते, हळूपणा दिसत नाही. चौथीपर्यंत धडे लहान असतात, पाठांतरावर निभावते. इतिहास-भूगोलाची पाने वाढली की गाडी रुतते.

आता तो आठवीचा कागद पुन्हा पाहावा. दहावीला सहा विषयांचे ६०० गुण, त्यातले ३०० तीन भाषांचे. निम्मी परीक्षा वाचन-लेखनाचीच. सेमी घेतले तर गणित आणि विज्ञान हे उरलेले दोन आधारही इंग्रजी स्पेलिंगच्या पाण्यात जातात. सीयूटी कट आणि पीयूटी पुट हे ज्याला सातवीतही जमत नाही, त्याला ‘फोटोसिंथेसिस’ लिहायला सांगायचे. (‘प्रकाशसंश्लेषण’ काही फार सोपे आहे असे नाही, पण तो शब्द निदान ऐकून अर्थासकट कळतो.) संस्कृतचे दुहेरी आहे. कानाने शिकणाऱ्या मुलाला सुभाषिते पाठ होतात आणि आवडतातही, पण परीक्षा लेखी असते आणि तिथे विसर्ग, हलन्त आणि संधी गुण खातात. सर्वांत फसवा पर्याय संयुक्तचा. पन्नास-पन्नास गुणांचे म्हणून तो हलका वाटतो. प्रत्यक्षात मराठी, इंग्रजी, हिंदी, संस्कृत अशा चार भाषा डोक्यावर बसतात. तिसरी भाषा कोणत्या इयत्तेपासून, यावर २०२५ मध्ये राज्यात केवढे रान पेटले. त्या वादात दोन भाषाही न झेपणाऱ्या मुलांचे नाव फारसे निघाले नाही.

या मुलांसाठी वेगळी वाट आहे, आणि ती जुनी आहे. महाराष्ट्र सरकारने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट घेऊन तिच्याऐवजी कामाशी निगडित विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि जोडीला असाच एक विषय. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. २०१८ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळू शकते, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. म्हणजे आठवे वर्ष हा दरवाजा उघडण्याचा काळ. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयांच्या रांगेत दिसतात ती नववी-दहावीची मुले, परीक्षेचा अर्ज भरायच्या आधी धावत आलेली.

उशिरा आलेल्याला कागद मिळतो, पण त्याचा उपयोग होतोच असे नाही. लेखनिकाला उत्तर सांगणे हे एक कौशल्य आहे: मनात वाक्य पूर्ण करायचे, लिहून होईपर्यंत थांबायचे, मग पुढचे. ज्याने याआधी एकदाही तसे केले नाही त्याला मार्चमध्ये अनोळखी मुलगा शेजारी बसवून दिला तर तो गांगरतो. पर्यायी विषय दोन महिन्यांत शिकून होत नाही. आणि ज्या वर्षांत विशेष शिक्षकाकडून वाचन सुधारता आले असते, ती वर्षे क्लासमध्ये तेच ते पुन्हा वाचण्यात संपलेली असतात.

दुसरी चूक उलट्या टोकाची. प्रमाणपत्र हातात आले की ‘मिळतेच आहे तर सगळेच घेऊ’ असे वाटू लागते. सवलत हीही विषयाची निवडच आहे आणि औषधासारखे तिचेही दुष्परिणाम आहेत. तिसऱ्या भाषेतून सूट घेतल्याने सहसा फार काही बिघडत नाही. कित्येक मुलांची सकाळची पोटदुखी त्या एका निर्णयाने थांबते. बीजगणिताचे तसे नाही. ते चौदाव्या वर्षी सोडले तर पुढे गणित लागणाऱ्या शिक्षणाकडची वाट बंद झाल्यातच जमा. ज्या मुलाला फक्त वाचनाची अडचण आहे आणि आकडे ज्याच्या बोटांवर नाचतात, त्याला केवळ कागदावर परवानगी आहे म्हणून सोप्या अंकगणितात ढकलणे हा अन्याय आहे. उलट ज्याला खरोखर डिसकॅल्क्युलिया आहे, वेळापत्रक आणि सुट्टे पैसेही ज्याला उमगत नाहीत, त्याला ‘शिक्का बसेल’ या भीतीने त्रिकोणमितीत बुडवत ठेवणे हाही तितकाच अन्याय. कोणते मूल कोणते, हे तपासल्याशिवाय कळत नाही आणि विषय ठरल्यानंतर कळून फारसे भागत नाही.

तपासणी एका भेटीत होत नाही. आधी डोळे आणि कान. चष्म्याच्या नंबरामुळे किंवा कान वाहून कमी झालेल्या ऐकण्यामुळे मागे पडलेली मुले दर आठवड्याला सापडतात. मग झोप, घोरणे, रक्तातले लोह. काही सेकंद एकटक पाहत राहणाऱ्या मुलाला वर्गात ‘स्वप्नाळू’ म्हणतात. त्याला फिटचा एक प्रकार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. हे बाजूला काढल्यावर मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यंक चाचणी आणि विशेष शिक्षकाकडून वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. त्या मूल ज्या माध्यमात शिकते त्या भाषेत व्हायला हव्यात, आणि इथे एक सावधानी लागते. घरात इंग्रजीचा शब्द नाही आणि मूल इंग्रजी माध्यमात घातले आहे, तर ते इंग्रजी वाचत नाही याचा अर्थ अक्षमता असा होत नाही. ज्याला कोणी नीट शिकवलेच नाही, त्याचेही तेच.

शंकेखोर म्हणतात, सवलतीसाठी खोटी प्रमाणपत्रे काढणारेही आहेत. आहेत. गुणांसाठी काहीही करायला तयार असलेले पालक या प्रांतात येणारच. पण खोटेपणा पकडायचा सोपा मार्ग लवकर तपासणी हाच आहे. दुसरी-तिसरीपासूनच्या वह्यांमधल्या त्याच त्या चुका एका रात्रीत तयार करता येत नाहीत. दहावीच्या तोंडावर अचानक उगवलेली अक्षमता मात्र कोणालाही खटकावी. ज्यांच्याबद्दल चिंता करायला हवी ती मुले वेगळीच आहेत, त्यातही मुली. मुलगा कंटाळून खोड्या काढतो, शिक्षक त्याला तपासायला पाठवतात. मुलगी गप्प बसते, मैत्रिणीच्या वहीवरून सुरेख अक्षरात उतरवते, पाठ करून पास होते. तिच्याबद्दल घरी ठरते, हिला अभ्यासात गती नाही. पुढचे निर्णय त्यावर होतात.

शाळांची अडचणही खरी आहे. पर्यायी विषय नियमात असतो, तो शिकवायला माणूस नसतो. मग ‘आमच्याकडे सोय नाही’ एवढे सांगून पालकांना परत पाठवले जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ असतो, पण मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका छताखाली मिळणे दुर्मीळ. म्हणून मग आई मुलाला घेऊन पहाटेच्या एसटीने मोठ्या शहरात येते, एका चाचणीसाठी एक, दुसरीसाठी दुसरी, अशा फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. ही पदे भरायला पैसा लागेल आणि वेळही. पण एक गोष्ट बिनखर्चाची आहे. आठवीच्या विषय-निवडीच्या त्याच कागदावर शिक्षण विभागाने एक ओळ छापावी: वाचन, लेखन किंवा गणितात वयाच्या मानाने मोठी अडचण वर्गशिक्षकांना दिसली आहे का, आणि तपासणी झाली आहे का. वर्गशिक्षकांनी ती भरल्याशिवाय पालकांची सही घेऊ नये.

तोवर पालकांनी स्वतःच पाहावे. सहावी-सातवीचे मूल न पाहिलेले मराठी पान मोठ्याने वाचताना एकदा शांतपणे ऐकावे, न टोकता. शंका आली तर विषयांचा निर्णय तात्पुरता ठेवून शाळेशी बोलावे; सेमीची घाई करू नये, संयुक्तच्या मोहात पडू नये, सवलतींचा ताजा शासन निर्णय मुख्याध्यापकांकडे मागावा. पुढच्या वर्षी सातवीत जाणाऱ्यांना तर भरपूर वेळ आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी रुग्णालयात नाव नोंदवले तर निकालापर्यंत साऱ्या फेऱ्या पुऱ्या होऊ शकतात. सोबत शाळेचा अहवाल लागतो, जुनी प्रगतिपुस्तके लागतात आणि वह्या लागतात. मे महिन्यात घर आवरताना वह्या रद्दीवाल्याकडे जातात. अशा मुलाच्या घरी मराठी, इंग्रजी आणि गणिताची प्रत्येक इयत्तेची एकेक वही बाजूला काढून ठेवावी.