अपघातग्रस्तांचा वकील कोणी निवडावा?

मालमोटारीखाली सापडून घरचा कर्ता पुरुष गेला, म्हणजे त्या घरावर दोन संकटे येतात. पहिले सर्वांस दिसते व त्यासाठी सारे गाव गोळा होते. दुसरे तेरावा होण्यापूर्वीच दारात येऊन उभे राहते, आणि ते सहानुभूतीचे रूप घेऊन येत असल्यामुळे त्यास कोणी ओळखत नाही. ‘भरपाईचे सारे आम्ही पाहतो, आज पैसा नको, रक्कम हाती आली की आमचा हिस्सा द्या’, असे सांगणारा हा गृहस्थ वकील नसतो, वकिलाकडे पक्षकार पोहोचविणारा तो दलाल असतो. शोकाकुल विधवेचा अंगठा कोऱ्या कागदावर उमटतो, आणि ज्या दाव्यावर तिच्या मुलांचे शिक्षण अवलंबून, त्याचा वकील तिने नव्हे तर दलालाने निवडलेला असतो. ही चाल मोडली पाहिजे, आणि ती मोडण्याचा भार मुख्यतः शिकलेल्या व व्यापारी वर्गावर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज हे गाव उदाहरणादाखल घ्या. याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. या मार्गावर धावणाऱ्या मालमोटारीचा मालक परप्रांतात, विमा कंपनीची कचेरी एखाद्या मोठ्या शहरात, आणि दाव्याचे न्यायाधिकरण जिल्ह्याच्या ठिकाणी, अशी स्थिती सहज संभवते. विमा कंपनीचे वकील नेमलेले व सरावलेले असतात; धनजच्या शेतमजुराच्या कुटुंबास मात्र सनदी वकील कोठे बसतो हेही ठाऊक नसते. अशा वेळी दलाल जवळचा वाटला तर त्यात नवल ते काय?

परंतु कायद्याने ही अंतरे पुष्कळशी कमी केली आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघात जेथे घडला तेथे, अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिपक्ष जेथे राहतो तेथे दावा लावता येतो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर वैजापूरनजीक जांबरगाव येथे, सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची लहान बस मालमोटारीवर आदळून १२ जण मृत्युमुखी पडले. अपघात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला असला तरी नाशिकच्या रहिवाशांस आपल्या गावीच दाद मागण्याची मुभा या कलमाने आहे. त्या प्रकरणी मालमोटार रस्त्यात थांबविल्याच्या आरोपावरून परिवहन खात्याच्या दोन अधिकाऱ्यांस अटकही झाली होती. असा दोष अनेकांकडे वाटला गेला, तर निर्दोष प्रवाशास संपूर्ण भरपाई त्यांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. कोणाकोणास पक्षकार करावयाचे हे जाणणारा वकील आणि नुसता सही घेणारा माणूस यांतील अंतर येथे कळून येते.

पोलिसांवरही कायद्याने कर्तव्य घातले आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जावयास हवा, व पोलिसांचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजण्याची सोय कायद्यात आहे. त्याच दिवसापासून दाव्यास सहा महिन्यांची मुदतही पुन्हा लागू झाली. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आहे खरा. तथापि न्यायालय काय ठरवील या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये. चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन पळालेल्या गाडीचा शोध न लागल्यास अनुक्रमे २ लाख व ५० हजार रुपयांची तरतूद आहे. हे दलाल सांगत नाही. कारण जे हक्काने मिळते त्यात त्याचा हिस्सा कोणता, असा प्रश्न लगेच उत्पन्न होईल.

आणि हा हिस्सा तर मुळातच निषिद्ध आहे. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरविणे, किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे, भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी वकिलास मना आहे. तसेच पक्षकार मिळविण्यासाठी माणसे फिरविणेही मना आहे. मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाबाहेर पक्षकारांस ओढण्यासाठी वकिलांची जी झोंबाझोंबी चाले, ती दाभोळकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली निंद्य ठरविली. दलालांची यादी प्रसिद्ध करण्याची तरतूद १८७९ च्या जुन्या कायद्यात होती. २०२३ च्या दुरुस्तीने ती वकिलांविषयीच्या १९६१ च्या कायद्यात आणली गेली. कायदा आहे, परंतु तक्रार करणारा कोणी पुढे येत नाही.

यावर आक्षेप असा की, गरिबाजवळ आगाऊ पैसा नसतो. हिस्सा ठरविला नाही तर वकील मिळणारच कसा? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तरही कायद्यातच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, बालके, अपंग, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांस उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. ज्या विधवेस दलाल गाठतो, ती स्त्री असल्यामुळेच या हक्कास पात्र आहे. मोफत वकील मन लावून काम करीत नाही, अशी तक्रार ऐकू येते. ती जेथे खरी असेल तेथे चार प्रतिष्ठित माणसांनी दाव्याची विचारपूस करीत राहणे हाच उपाय होय. ज्या कामावर लोकांची नजर असते त्यात हयगय सहसा होत नाही.

कारंजाच्या व्यापाऱ्यांस हे नवीन वाटू नये. देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार म्हणून १८८६ सालच्या कारंजाचेच नाव घेतले जाते. पुढे १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडच्या बाजारांत दलाल व मापारी यांस परवान्याचे बंधन आले. शेतकऱ्याच्या कापसाचे माप खरे असावे, त्यातून कोणी मनमानी कापून घेऊ नये, हे या प्रांताने शतकापूर्वी मान्य केले. मग त्याच शेतकऱ्याच्या प्राणाच्या मोलातून वाटेल तो हिस्सा कापणाऱ्यास आपण मोकळे का सोडावे? ज्या मालमोटारी रस्त्यावर धावतात त्यांत माल आपलाच असतो, याचाही विसर पडू नये.

करावयाचे ते थोडे आहे. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता व १५१०० हा मदतीचा क्रमांक बाजार समिती, ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि सरकारी दवाखाना येथे ठळक फलकावर लावावा. अपघातानंतर गावच्या शिक्षकाने वा व्यापाऱ्याने कुटुंबाबरोबर जाऊन वकिलाची सनद पाहावी, असे दावे त्याने चालविले आहेत काय ते विचारावे, फीची रक्कम लेखी ठरवून घ्यावी. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा मुळीच देऊ नये. फिर्याद, पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल व गाडीच्या विम्याचे कागद यांच्या प्रती घरी राहाव्यात, आणि भरपाई वारसांच्या स्वतःच्या बँकखात्यातच जमा व्हावी. व्यापाऱ्यांनीही विमा व परवाना चालू असल्याचे पाहिल्यावाचून कोणत्याही मालमोटारीत माल भरू नये.

गेलेला माणूस कोणत्याही न्यायाधिकरणाच्या हुकुमाने परत येत नाही. त्याच्या मागे राहिलेल्यांस जे मिळावयाचे ते पुरते मिळावे, एवढेच समाजाच्या हाती उरते. आणि तेवढेही आपण दलालाच्या स्वाधीन केले, तर त्याचा दोष दलालाइतकाच आपल्याकडेही येईल.